बोलून रडणं

तेराव्याच्या सकाळी सोमेश्वर स्वतःच्या हातानं चहा घेऊन आला, तेव्हाच तुळजाबाईच्या ध्यानात आलं की पोराला काहीतरी मागायचंय. या घराण्यातले पुरुष बायामाणसाला चहा आणून देतात ते दोनच वेळी. घरात बाळंतपण झालं तर, नाहीतर तोंडातून निघत नाही असं काही बोलायचं असलं तर. आणि घरात बाळंतीण कोणी नव्हती.

"आत्या, एक विनंती होती."

"इनंती? मी काय तुमच्या संस्थेची अध्यक्ष हाय का रं? बोल की."

सोमेश्वर परतूरच्या शाळेत मराठी शिकवतो. वर्गात तासच्या तास बोलणारा माणूस. पण आत्यापुढं बसल्यावर त्यानं उगीच बशी पुसली, बापाची खाट जिथं असायची त्या रिकाम्या जागेकडं बघितलं, आणि मग म्हणाला, "आज शाळेतले लोक येणारेत. हेडमास्तर, सेक्रेटरी साहेब, सगळे. तर तू आज रडू नको."

"भावाच्या तेराव्याला रडू नको?"

"रड ना. पण मनातल्या मनात. बोलून नको."

तुळजाबाईनं कप खाली ठेवला. शहात्तर वर्षांत लोकांनी तिला पुष्कळ गोष्टी करू नको म्हणून सांगितल्या होत्या, पण रडू नको असं कोणी म्हणालं नव्हतं. उलट तिला रडायला बोलावणी यायची.

नुसतं रडणं काय, पाळण्यातल्या लेकरालाही येतं. बोलून रडणं शिकावं लागतं. एकीनं दुसरीच्या गळ्यात पडायचं, सूर लावायचा, गेलेल्या माणसाला हाक मारायची आणि त्याचं सगळं एकेक करून सांगायचं. जिच्या गळ्यात पडली तिनं मधे मधे 'व्हय वं माय, व्हय' म्हणायचं. एकटीला हे जमत नाही, गळा लागतोच. तिच्या गावी, टेंभुर्णीत, कोणाच्या घरी माती झाली की बाया आधी तुळजाबाईचं दार वाजवायच्या. ज्या म्हाताऱ्याला जित्तेपणी कुत्रं विचारत नव्हतं, त्याचेसुद्धा ती चार गुण शोधून काढायची, आणि सुना खाली माना घालून ऐकायच्या. हे ती आजीच्या मातीला आईच्या तोंडून शिकली होती. आई कोणाकडून शिकली, ते कोणाला माहीत.

बारा दिवसांमागं तिचा भाऊ कारभारी गेला तेव्हा ती टेंभुर्णीहून भर दुपारी पोचली आणि दारातच भावाच्या लेकीच्या, दैवशालाच्या, गळ्यात पडली.

'माझ्या पाठच्या भावा रं… माझ्या माहेराची वाट मोडली रं… आता दिवाळीला मला मूळ कोन धाडील रं… घोटभर पान्यासाठी जीव तडफडला रं, हाताशी कुनी न्हवतं रं…'

सोमेश्वरची पोरगी शीतल जालन्याला फार्मसी शिकते. तिनं असलं रडणं जन्मात ऐकलं नव्हतं. ती रडत रडतच मोबाईल धरून उभी राहिली, आणि 'आजीचं रडणं ऐकून काळीज फाटतं' असं लिहून नात्यातल्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकून मोकळी झाली. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत इकडं अंबड आणि तिकडं जाफ्राबाद, सगळ्या पाहुण्यारावळ्यांत एकच गोष्ट झाली. सुनेनं म्हाताऱ्याला मरताना पाणीसुद्धा पाजलं नाही म्हणे.

तुळजाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. राख सावडून ती गावी परत गेली होती, ती कालच आली. काल आल्यापासून मीना, सोमेश्वरची बायको, तिच्याशी बोलली नव्हती. दुःखात असेल, असं म्हातारीनं धरलं होतं.

"मीनानं आठ महिने दादांचं हागणंमुतणं काढलं, आत्या," सोमेश्वर म्हणाला. "आणि तू सगळ्या भावकीसमोर म्हणलीस, हाताशी कुणी नव्हतं. शीतलनं काळीज फाटतं म्हणून त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तर आता सगळीकडं झालंय, सुनेनं मरताना पाणी पाजलं नाही."

"आरं बाबा, ते म्हनायचंच असतंय!" तुळजाबाई उसळली. "सरपंचाच्या मायला दोन्ही हाताला सलाईन लागल्तं, तिला बी मी तेच म्हनलं. तातेराव तर इहिरीत बुडून मेला. त्येच्या मातीला बी बोल त्योच, घोटभर पान्यासाठी. कुनी इचारलं न्हाई की बाई, बुडनाऱ्याला पानी कशाला म्हून!"

एरवी सोमेश्वर हसला असता. "मला कळतं गं. दहावीला मी अतिशयोक्ती शिकवतो."

"कळतंय तर मंग बायकूला काहून न्हाई सांगितलं?"

सोमेश्वरनं बशी पुन्हा पुसली. बाप गेला त्या पहाटे तो शेजारच्या खोलीत झोपलेला होता. 'हाताशी कुनी न्हवतं' हा बोल ऐकला तेव्हा त्यालाही आत कुठंतरी लागलं होतं, आणि लागलेल्या माणसानं दुसऱ्याला काय समजावून सांगावं? त्यानं रिकामा कप उचलला आणि तो मांडवाकडं गेला.

दुपारी मधल्या खोलीत सतरंजीवर बाया बसल्या होत्या. बाहेर मांडवात टावेल-टोपीचा आहेर चालू होता. दैवशाला सरकत सरकत आत्याला चिकटून बसली आणि कानाशी म्हणाली, "आत्या, पंगत उठली की माझ्या गळ्यात पड. ते पान्याचं पुन्हा बोल. बराबर ऐकू दे एकेकीला."

तुळजाबाईनं भाचीकडं बघितलं. दैवशाला अंकुशनगरला असते, नवरा साखर कारखान्यात.

"तू बापाला कव्हा भेटून गेल्तीस गं?"

"राखीला आल्ते की."

"त्येला चार महिने झाले."

"गाळप चालू झालं आत्या, ह्यांच्या शिफ्टा, पोरांच्या शाळा. मला काय हौस होती का न येण्याची?" दैवशालाचा आवाज भरून आला. "दादा फोनवर म्हणायचे, येऊन जा. मी म्हणायचे, येते, येते. आता मेले तर इथल्या शेजारणी मीनाचं कौतुक करून राह्यल्यात. मंग मी कोण? मी लेक नव्हते का?"

हे ऐकलं आणि तुळजाबाईला एकदम स्वच्छ दिसलं. दैवशालाला तो बोल पांघरूण म्हणून पाहिजे होता. पाण्याचा डाग सुनेवर पडला की लेकीवरचा झाकला जाणार. भाचीची तिला दयाही आली आणि रागही. पण राग आधी आला. तिनं गुडघ्यावर हात टेकले आणि मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, जरा ऐका गं."

बाया तिच्याकडं वळल्या.

"मी त्या दिवशी पान्याचं बोलले, ते बोलायचं असतंय म्हून बोलले. माझी माय बोलायची, मी बोलते. ह्या घरात तसं काही झालं न्हाई. मीनानं माझ्या भावाचं पोटच्या पोरीवानी केलं. कुनी तिच्यावर बट्टा लावू नका."

बायांनी माना हलवल्या. 'आम्हाला काय ठाऊक न्हाई का', 'मोबाईलनं सगळा घोळ केला' असं काहीबाही झालं. ज्यांनी तोच व्हिडिओ पुढं धाडला होता त्यांनीही मान हलवली. सगळं निवळलं असं वाटत होतं, तेवढ्यात दैवशाला उठून उभी राहिली.

"म्हंजी खोटं होतं?"

"खोटं न्हाई गं…"

"मंग काय? माझ्या बापाच्या मढ्यापुढं तू पाठ केलेलं म्हणलीस? सरपंचाच्या मायला जे म्हणलीस तेच? मी तुझ्या गळ्याला धरून रडले, आत्या. मला वाटलं तू दादासाठी रडून राह्यलीस. तू तर नुसतं काम उरकत होतीस!"

ती तरातरा मागच्या दारानं बाहेर गेली. तिच्यामागं कोणी गेलं नाही. नंदाबाई नावाची मीनाची एक चुलत जाऊ होती, ती पुटपुटली, "तसं बघितलं तर पोरीचं खरं हाय." आणि बाकीच्यांनी तिला गप्प बस म्हटलं नाही.

तुळजाबाई बसल्या जागी बसून राहिली. काय सांगायचं तिनं? की बाई गं, मला दुसरे शब्दच येत नाहीत? शाळा बघितली नाही, कागद वाचला नाही. जे काही मोठं बोलायचं ते आईनं दिलेल्या बोलातच बोलता येतं. त्या दुपारी दारात पाय ठेवला तेव्हा छातीत श्वास मावत नव्हता. ते बोल आपोआप तोंडात आले म्हणून ती उभी राहिली, नाहीतर उंबऱ्यावरच कोसळली असती. कारभारी तिच्या कडेवर वाढलेला. त्याला ती खोटं रडेल? पण हे सांगायला काही जुना बोल नव्हता, आणि नवा कसा करायचा ते तिला ठाऊक नव्हतं. सून म्हणते आळ घेतला. भाची म्हणते नाटक केलं. एवढ्या भरल्या खोलीत आपल्या रडण्याला रडणं म्हणणारं एक माणूस उरलं नाही, हे तिला कळलं आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. जेवताना तिनं मीठसुद्धा मागितलं नाही.

मीनानं हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

तिच्या हातात बुंदीचं पातेलं होतं. म्हातारीनं चारचौघांत तिची बाजू घेतली, बट्टा पुसला. बारा दिवस ती याचीच वाट बघत होती, तर आता बरं वाटायला पाहिजे होतं. पण 'ह्या घरात तसं काही झालं न्हाई' हे ऐकल्यावर तिनं पातेलं परत खाली ठेवलं. नंदाबाई आत येऊन म्हणाली, "जाऊ दे गं मीना, म्हातारीनं बिलकुल साफ सांगितलं." मीना हो म्हणाली आणि पातेलं घेऊन बाहेर वाढायला गेली. पंगतीत ती दोनदा त्याच माणसाला बुंदी वाढून आली.

पाहुणे पांगायला लागले. तुळजाबाईला सोडायला जीप ठरवली होती आणि सोबत शीतल जाणार होती. म्हातारी मागच्या खोलीत पिशवी बांधत बसली होती. आज बोलून रडायचं नाही, असं ठरलेलंच होतं. आता तिला इच्छाही नव्हती. भावाच्या घरातून शेवटचं निघायचं आणि उंबऱ्यावर हूं की चूं करायचं नाही. आपली माय असती तर तोंडात मारली असती, असं तिला वाटलं.

मीना आत आली. एका हातात साडी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या-पेला.

"भावाच्या घरची साडी आहे, आत्याबाई. यांनी आणली. रंग मी निवडला."

"ठिव."

"पाणी घ्या."

तुळजाबाईनं पेला घेतला. एक घोट घेतला आणि वर बघितलं, तर मीना भिंतीला टेकून उभी होती आणि तिची नजर खाटेच्या जागेवर होती. मागं वळून तिनं दार लोटलं.

"त्यांनी मागितलं होतं," मीना म्हणाली.

"काय?"

"पाणी." तिचा आवाज अगदी खालच्या सुरात होता. "पहाटे चारला उठले. म्हणले, मीना, पाणी दे. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मी म्हणलं, मामंजी, नुसतं पाणी कशाला, दूध गरम करून आणते, साखर घालून. ते म्हणले, पाणीच दे. मी म्हणलं, थांबा हो, दोन मिनिटं. गेल्ते. दूध उतू जाईल म्हणून तिथंच उभी राह्यले. घेऊन आले तर मान कलंडलेली." ती थांबली. "तांब्या इथंच होता, आत्याबाई. खाटेखाली. वाकून दिलं असतं तर झालं असतं."

तुळजाबाईनं हातातल्या पेल्याकडं बघितलं.

"कुणाला सांगितलं न्हाई मी. यांनाबी न्हाई. मंग तुम्ही आलात आणि दारातच म्हणलात. घोटभर पाण्यासाठी. मला वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं? मामंजीनं येऊन सांगितलं का काय? मी आठ महिने केलं, ते सगळं त्या दोन मिनिटांत वाया गेलं. आणि आज तुम्ही म्हणता, तसं काही झालं न्हाई. झालं की हो. तसंच झालं."

म्हातारीनं पेला जमिनीवर ठेवला. तिला आपली आजी आठवली, सासू आठवली, नवरा आठवला. नवरा गेला तेव्हा ती चुलीपाशी होती. काय करत होती? भाकरी थापत होती. हातचं पीठ धुवून येते म्हणाली होती.

"मीना, इकडं बस. बस म्हनते ना." मीना बसली. "तो बोल कुनी जोडला असंल गं? कुन्या बाईनंच जोडला असंल ना? तिच्या हातनं बी असंच झालं असंल. आन् मंग समद्या बाया म्हनायला लागल्या, काहून की समद्यांच्या घरी तेच. माणूस मरतंय, आन् घरातलं कुनीतरी दूध आनायला गेलेलं असतंय."

मीनानं तिच्याकडं बघितलं. तोंड वेडंवाकडं झालं, पण आवाज फुटेना.

"रड."

"मला तुमच्यावानी येत न्हाई."

"मला तरी कुठं येत होतं? ये." तुळजाबाईनं हात पसरले आणि सुनेचं डोकं आपल्या मानेशी ओढून घेतलं. "हाक मार त्येला. काय म्हनायचीस?"

"मामंजी…"

"मोठ्यानं."

"मामंजी हो…" आणि मग बांध फुटला. "पाणी मागितलं हो माझ्या मामंजीनं… मी दिलं न्हाई हो… घोटभर पाण्यासाठी जीव गेला हो… मी चुलीपाशी उभी होते हो…"

"व्हय वं माय," तुळजाबाई म्हणाली. "व्हय."

आवाज मांडवापर्यंत गेला. सोमेश्वर हेडमास्तरांना निरोप देत होता, तो तसाच थबकला. आत्याला एवढं सांगूनही ऐकलं नाही, म्हणून तो रागानं आत निघाला. दाराशी आला आणि त्याला कळलं की हा आवाज आत्याचा नाही. वीस वर्षांच्या संसारात बायकोचा असला आवाज त्यानं ऐकला नव्हता. तो दार ढकलणार होता, पण ढकललं नाही. तिथंच भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हातातल्या टोपीनं डोळे पुसले.

बाया धावत आल्या आणि दार ढकलून आत शिरल्या. नंदाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बघा गं, कशी बोलून रडती. लेकीनं रडावं तशी." दुसरी म्हणाली, "सून असावी तर अशी. काही केलं नसंल तरी सगळं अंगावर घेऊन राह्यली." मीना ओरडून ओरडून खरं सांगत होती, आणि सगळ्या बाया त्याला रीत समजून डोळे पुसत होत्या. मागच्या दारातून दैवशाला आली. क्षणभर उभी राहिली आणि मग तीही येऊन मीनाच्या पाठीवर कोसळली. "मी आले न्हाई रं दादा… बोलावत होतास, मी आले न्हाई…"

"व्हय वं माय, व्हय," तुळजाबाई दोघींनाही म्हणत राहिली.

जीप जालना ओलांडून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागली. शीतल म्हणाली, "आजी, तो व्हिडिओ मी टाकला होता."

"ठाव हाय मला."

"रागावलीस?"

"रागवून काय करू? तुला काळीज फाटल्यावानी झालं म्हून टाकलास ना? तेवढं एक माणूस तरी निघालं."

थोड्या वेळानं पोरगी पुन्हा म्हणाली, "आई रडली. दैवशाला आत्या रडली. तू न्हाई रडलीस."

"माझं राह्यलं, बाई. गळा एकच व्हता, त्यो तुझ्या मायला दिला."

"मग आता?"

"आता काय? टेंभुर्णीत कुनी ना कुनी जातंच की. बोलावनं येईल. नाव त्येचं घेईन आन् माझ्या कारभारीला रडून घेईन." तुळजाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला काय वाटलं, मी एवढी वरसं परक्या लोकासाठी रडले? तातेरावाच्या मातीला मी माझ्या मालकाला रडले. मालकाच्या टायमाला पाहुन्यांचं करन्यातच दिवस गेल्ता माझा."

शीतलनं तिचा हात धरला.

दिवस मावळायच्या आत जीप पोचली. शीतलला लगेच परत निघायचं होतं. तुळजाबाईनं कुलूप काढलं, पिशवी कोनाड्याखाली ठेवली, साडी पेटीत ठेवली. दोन दिवसांची धूळ तशीच होती. शेजारणीनं भिंतीवरून हाक दिली, "आल्या का वं? झालं का समदं नीट?"

"झालं."

"अवं, खालच्या आळीचा म्हातारा लई बिमार हाय. आज-उद्या म्हन्तेत."

"असं का," तुळजाबाई म्हणाली. तिनं भाकरीपुरतं पीठ मळलं, पण खावंसं वाटेना, म्हणून झाकून ठेवलं. अंथरूण टाकलं. दिवा लावला. रोज ती आतून कडी घालायची. आज कोणी बोलवायला आलं तर लवकर उघडता यावं म्हणून तिनं दार नुसतं लोटून घेतलं.